आधारवाडी ते उंबर्डे : कल्याण-डोंबिवलीच्या कचऱ्याची वाटचाल

कल्याण आणि डोंबिवली १९८३ साली एका महानगरपालिकेत आली. लोकल जिथवर जाते तिथवर घर घेणाऱ्या मध्यमवर्गाने पुढच्या दोन-तीन दशकांत इथे इमारतींची रांग लावली. रस्ते अपुरे पडले, पाणी अपुरे पडले आणि त्याची चर्चाही झाली. कचरा मात्र गुपचूप कल्याण पश्चिमेला आधारवाडीला जात राहिला. घंटागाडी दारातून गेली की आपले काम संपले, अशी सगळ्यांचीच समजूत होती.

आधारवाडीचे डम्पिंग खाडीच्या अंगाला, तुरुंगाच्या शेजारी. ओला, सुका, काच, कापड, कोंबडीची पिसे, औषधांच्या बाटल्या, सगळे एकाच ढिगावर. असा ढीग आतून जिवंत असतो. हवा न मिळणारा ओला कचरा कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि आतली उष्णता वाढत जाते. वर प्लॅस्टिकचा थर असतोच. म्हणून उन्हाळा लागला की आधारवाडी पेटायची. अग्निशमन दल वरून पाणी मारायचे, आतली धग तशीच राहायची आणि खडकपाडा, वाडेघरपर्यंतची घरे खिडक्या लावून बसायची. २०१८ च्या मार्चमधली आग तर अनेक दिवस धुमसत होती. पावसाळ्यात हाच ढीग काळे पाणी सोडायचा.

असा उघडा ढीग बेकायदेशीर आहे, हे पालिकेला ठाऊक होते. पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पाठपुरावा केला, त्यातून २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे ३१ डिसेंबर २००३ पर्यंत उभी राहावीत, अशी त्यांत मुदत होती. ती देशभर पाळली गेली नाही आणि कल्याणमध्येही नाही. अखेर एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या नव्या बांधकाम परवानग्याच थांबवल्या. कचरा हाताळता येत नसेल तर आणखी माणसे आणून बसवू नका, इतका सरळ तो आदेश होता. त्यानंतर दोनच महिन्यांत, १ जून २०१५ रोजी, २००२ साली वगळलेली २७ गावे पालिकेत परत आली. म्हणजे हद्द वाढली, कचरा वाढला आणि जागा तीच.

बांधकामबंदी सुमारे वर्षभराने अटींसह उठली. माझ्या मते या पालिकेच्या वाटचालीतले सर्वांत मोठे वळण म्हणजे तो बंदीचा आदेश. तोवर कचरा हा आरोग्य खात्याचा विषय होता. त्या आदेशाने तो बिल्डरांचा, नगरसेवकांचा आणि तिजोरीचाही विषय झाला.

आधारवाडीला पर्याय म्हणून कल्याणमधल्याच उंबर्डे आणि बारावे इथे प्रक्रिया केंद्रे आखली गेली. दोन्ही ठिकाणच्या रहिवाशांनी विरोध केला आणि तो समजण्यासारखा होता. आधारवाडीचा धूर ज्यांनी पाहिला, ते पालिकेच्या आश्वासनावर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवणार? हरकती, सुनावण्या, निविदा यांत वर्षे गेली.

मग मे २०२० मध्ये, करोनाच्या ऐन टाळेबंदीत, शून्य कचरा मोहीम सुरू झाली. घनकचरा विभागाचे उपायुक्त रामदास कोकरे वेंगुर्ल्याहून अनुभव घेऊन आले होते. तिथे मुख्याधिकारी असताना त्यांनी कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करवला होता आणि डेपोच्या जागी तिकीट काढून पाहायला जावे असे स्वच्छ ठिकाण उभे केले होते. पण वेंगुर्ले हे छोटे गाव. इथे दिवसाला सहाशे टनांच्या आसपास कचरा. तरी सूत्र तेच ठेवले : वर्गीकरण घरातच व्हायला हवे. मिश्र कचरा उचलणे बंद झाले. सोसायट्यांमध्ये भांडणे झाली, सचिवांना शिव्या बसल्या, काही दिवस डबे तसेच पडून राहिले. हळूहळू दोन डबे स्वयंपाकघरात आले. पाच किलो प्लॅस्टिक आणून द्या आणि पोळीभाजीचे कुपन घ्या, अशी योजनाही पालिकेने काढली. कचरावेचकांसाठी ती मोलाची होती.

नागरिकांची बाजूही सांगायला हवी. डोंबिवलीतल्या ऊर्जा फाउंडेशनच्या महिला घरोघरचे स्वच्छ प्लॅस्टिक गोळा करून पुण्याच्या रुद्र एन्व्हायर्नमेंटलकडे इंधननिर्मितीसाठी पाठवत आल्या आहेत. पालिकेच्या आदेशाची वाट न पाहता हे काम सुरू झाले, याचा मला फार आदर वाटतो.

मे २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणे थांबले. ओला कचरा खत आणि बायोगॅसकडे वळला, साचलेल्या जुन्या ढिगाच्या बायोमायनिंगचे, म्हणजे तो उकरून, चाळून वेगळा करण्याचे काम हाती घेतले गेले. हे लहान यश मानू नये. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, ११ मार्च २०१७ रोजी कोशे डेपोचा डोंगर कोसळला आणि त्याच्या अंगावर झोपड्या बांधून राहणारी शंभरहून अधिक माणसे गाडली गेली. मिश्र कचरा एकाच जागी दशकानुदशके टाकत राहिले की शेवट असा होऊ शकतो.

शेजारच्या ठाण्याची गोष्ट वेगळ्या वळणाची. दिव्याचे डम्पिंग २०२३ मध्ये बंद झाले, कचरा भंडार्लीला गेला. भंडार्लीकरांनी आवाज उठवला, मग डायघर, मग भिवंडी तालुक्यातले आतकोली. प्रत्येक वेळी एका गावाची सुटका झाली आणि दुसऱ्याच्या दारात ट्रक उभे राहिले.

कल्याण-डोंबिवलीतही काम पुरे झालेले नाही. बहुतांश प्रभागांत संकलन आता खासगी कंपनीकडे आहे. गाडीत ओला-सुका पुन्हा एकत्र होताना दिसला की घरात वेगळा करणाऱ्याचे मन उडते, आणि एकदा उडालेले मन कोणत्याही दंडाने परत येत नाही. सफाई कामगाराला हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार मिळतो का, हेही कंत्राटाच्या रकमेइतकेच बारकाईने पाहिले पाहिजे. कुजका ढीग उपसणारे हात त्याचेच आहेत. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले होते. तुमचे संकुल तेवढे मोठे असेल, तर येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्या.