मठाधिपतींची तक्रार

१४९२ साली जर्मनीतील श्पोनहाइम येथील बेनेदिक्तीन मठाचे अधिपती योहान त्रितेमियस यांनी लेखनिकांची थोरवी गाणारा एक छोटेखानी ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. माइन्त्स नगरीत गुटेनबर्गने बायबल छापून काढल्याला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. मठात एका ग्रंथाची नक्कल करण्यास महिनेच्या महिने लागत. इकडे शतक संपेपर्यंत युरोपात सुमारे ३०,००० आवृत्त्या छापून निघाल्या.

मठाधिपतींची तक्रार अशी : चर्मपत्रावर लिहिलेले हजार वर्षे राहील, कागदावर छापलेले दोनशे वर्षे टिकले तरी पुष्कळ झाले. शिवाय नक्कल करणारा भिक्षू प्रत्येक अक्षरापाशी थांबतो, आणि हात लिहीत असता मन चिंतन करते. गंमत पाहा, हा ग्रंथ त्यांनी १४९४ साली माइन्त्समध्येच छापून घेतला! आम्ही त्यांना हसणार नाही. मोबाइलने घरातली संध्याकाळची रोझरी बंद पाडली, हे गाऱ्हाणे आपणही मोबाइलवरूनच एकमेकांना धाडतो.

पुढील पिढीला ग्रंथांचा तो पूर अधिकच जाणवला. झुरिकचे वैद्य कोनराड गेस्नर यांनी ग्रंथांच्या बेसुमार गर्दीविषयी खंत व्यक्त केली आणि स्वतःच कंबर कसली. १५४५ साली सुमारे ३,००० ग्रंथकारांची वर्णानुक्रमे सूची त्यांनी प्रसिद्ध केली. रोमनेही १५५९ साली एक सूची काढली, ती निषिद्ध ग्रंथांची. गेस्नर प्रोटेस्टंट असल्याने त्यांचे लेखन तीत आले. एका सूचीने ग्रंथ शोधायचे, दुसरीने टाळायचे. दुसरी १९६६ साली रद्द झाली, हे आपण कॅथलिकांनी मोकळ्या मनाने सांगावयास हवे.

हेच यंत्र १५५६ साली गोव्यात उतरले. ते निघाले होते अबिसीनियाला, राहिले मात्र इथेच. भारतातील तो पहिला छापखाना. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर उजेडात आलेली नाही.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचे फर्मान काढले. अशा दिवसांत ग्रंथाला थारा मिळाला तो नकलाकारांच्या हातांत. गोव्याहून स्थलांतर केलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत क्रिस्तपुराण हाताने उतरले गेले आणि गायिले गेले. देवनागरीतील एक हस्तलिखित तर मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला पोहोचले. चर्मपत्राविषयी मठाधिपती चुकले म्हणावे, कारण आपल्या नकला साध्या कागदावरच्या होत्या. हाताविषयी मात्र ते बरोबर ठरले. १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळुरात क्रिस्तपुराण पुन्हा छापले, तेव्हा त्यांच्यापुढे होती ती हीच हाती लिहिलेली बाडे.