कोल्हापुरातील तालीम-फुटबॉल

कोल्हापुरातील तालीम-फुटबॉल : कोल्हापूर शहरातील तालमी व तरुण मंडळे यांनी जोपासलेली हौशी फुटबॉलची परंपरा. महाराष्ट्रात इतरत्र फुटबॉलची वाढ मुख्यत्वे लष्करी छावण्या, महाविद्यालये, गिरण्या व व्यापारी कंपन्या यांच्या आश्रयाने झाली. कोल्हापुरात मात्र हा खेळ पेठेचा झाला. येथील साखळी स्पर्धेत एखादा संघ खालच्या गटात गेला, तर ती एका संघाची नव्हे, तर संपूर्ण पेठेची मानहानी समजली जाते. तथापि अशा अवनतीने संघ सहसा नाहीसा होत नाही. या परंपरेचे वेगळेपण त्यातच आहे.

भारतात फुटबॉल ब्रिटिश सैन्याबरोबर आला. १८८८ मध्ये सिमला येथे सुरू झालेल्या ड्युरँड चषकाचे पहिले विजेतेपद ‘रॉयल स्कॉट्स फ्यूजिलिअर्स’ या स्कॉटिश पलटणीने मिळविले. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. कोल्हापूर संस्थानात त्या काळी कुस्तीस प्राधान्य होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) मल्लविद्येस मोठा राजाश्रय लाभला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. शहराच्या पेठांतील तालमी त्या वातावरणात भरभराटीस आल्या. तालीम म्हणजे केवळ आखाडा नव्हे. गणेशोत्सव, पुराच्या वेळचे मदतकार्य, गल्लीतील तंटे यांचेही ते केंद्र असते. फुटबॉल शहरात रुजला, तो या तयार चौकटीत. कुस्तीत एकटा मल्ल तालमीचे नाव राखतो. फुटबॉलमध्ये ते अकरा जणांनी राखावे लागते, एवढाच काय तो फरक पडला.

या खेळास संघटित रूप देण्याचे कार्य ‘कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन’ या संस्थेने केले. ‘के.एस.ए.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. छत्रपती घराण्याचा आश्रय तिला पुढेही लाभला. संघांची व खेळाडूंची वार्षिक नोंदणी, पंचांची नेमणूक व साखळी स्पर्धेचे आयोजन ती करते. प्रमुख सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. पावसाळा संपल्यानंतर हंगामाची तयारी सुरू होते. प्रथम साखळी सामने व नंतर बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा असा क्रम उन्हाळ्यापर्यंत चालतो. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ व बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी पेठेतील खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ व संध्यामठ तरुण मंडळ, तसेच दिलबहार तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ इ. संघ विशेष प्रसिद्ध आहेत. मंगळवार पेठ व शिवाजी पेठ यांच्यातील ईर्षा हा शहरातील फुटबॉलचा प्राण होय.

साखळी स्पर्धेत वरिष्ठ गट व त्याखालील गट अशी श्रेणीरचना आहे. तळाच्या संघांची अवनती होते व खालच्या गटातील यशस्वी संघांना बढती मिळते. ही पद्धती मूळची ब्रिटनमधील. स्कॉटलंडमध्ये ‘स्कॉटिश फुटबॉल लीग’ १८९० मध्ये स्थापन झाली व १८९३ मध्ये तिला दुसऱ्या श्रेणीची जोड देण्यात आली. प्रारंभी बढती मतदानाने ठरे. गुणांवरून आपोआप बढती व अवनती होण्याची पद्धती तेथे १९२१-२२ च्या हंगामापासून सुरू झाली. त्यामुळे अग्रस्थानाइतकेच तळाच्या सामन्यांनाही महत्त्व आले.

कोल्हापुरात याचा प्रत्यय साखळीच्या अखेरच्या टप्प्यात येतो. विजेतेपदाच्या सामन्याइतकीच उत्कंठा अवनती टाळण्यासाठी झगडणाऱ्या संघांच्या सामन्यांना लाभते. अवनती झालेल्या संघाचे नुकसान अनेक प्रकारचे असते. चषक स्पर्धांतून प्रामुख्याने वरिष्ठ गटातील संघ खेळत असल्याने त्याचे सामने कमी होतात. प्रेक्षक व देणगीदार दुरावतात. नावाजलेले खेळाडू पुढील नोंदणीच्या वेळी अन्य तालमीची वाट धरतात. मात्र त्यांच्या जागी गल्लीतील मुलांना संधी मिळते. तालमीची इमारत, तिचे उत्सव व तिचे सभासद पूर्ववत राहतात. जुने खेळाडू मुलांना शिकवितात, वर्गणी गोळा होते आणि बढतीसाठी पुन्हा प्रयत्न सुरू होतो.

व्यावसायिक संघांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मुंबई एफ.सी.’ने २००८ मध्ये आय-लीगच्या द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवून वरच्या श्रेणीत प्रवेश केला. २०१६-१७ च्या हंगामात हा संघ तळाला गेला व त्यानंतर बंद पडला. ‘पुणे एफ.सी.’ हा संघही २००७ मध्येच स्थापन झाला. २००९ मध्ये त्याला बढती मिळाली आणि २०१२-१३ मध्ये त्याने आय-लीगचे उपविजेतेपद मिळविले. तथापि २०१५ मध्ये त्याची वाटचाल थांबली. या संघांकडे पैसा, प्रशिक्षक व परदेशी खेळाडू होते. परंतु मालकाने हात आखडता घेतल्यावर संघ चालू ठेवील असा समाज त्यांच्यामागे नव्हता. याउलट ग्लासगो येथील ‘क्वीन्स पार्क’ हा १८६७ मधील संघ अनेकदा खालच्या श्रेणींत खेळूनही टिकला आणि २०१९ पर्यंत त्याने आपले हौशी स्वरूप सोडले नाही. कोल्हापूरच्या तालमींचे नाते अशा संघांशी अधिक जवळचे आहे.

या परंपरेच्या मर्यादाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. पेठेचा अभिमान अनेकदा हुल्लडबाजीचे रूप घेतो. समर्थकांतील हाणामाऱ्यांमुळे सामने थांबविण्याचे व मोठा पोलीस बंदोबस्त ठेवण्याचे प्रसंग आलेले आहेत. आफ्रिकी खेळाडूंना करारबद्ध करण्याच्या चढाओढीत तालमींचा खर्च वाढला व स्थानिक मुलांच्या संधी घटल्या, अशी टीका झाली. उच्च दर्जाच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणासाठी गुणी खेळाडूस शहर सोडावे लागते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. त्याची जडणघडण मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली.

गर्दी व निष्ठा यांची उणीव या शहराला कधी भासली नाही. प्रश्न आहे तो या निष्ठेला प्रशिक्षण व शिस्त यांची जोड देण्याचा. तशी जोड मिळाल्यास खालच्या गटातील हंगाम हा शिक्षेचा काळ न राहता नवे खेळाडू घडविण्याचा काळ ठरू शकेल. पडल्यावर पुन्हा उठून लढत धरणे ही मुळात आखाड्याचीच शिकवण असल्याने, तालमींना ती परकी वाटण्याचे कारण नाही.