मिरवणुकीतल्या घोषणा

परवा नातवाने विचारले, "आजोबा, निवडणुकीत धर्म कधीपासून आला?" मी त्याला आमच्या खडवलीजवळच्या भिवंडीची गोष्ट सांगितली.

७ मे १९७० रोजी तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. मादन आयोगाला दिसले, की ही आग एका दिवसाची नव्हती. गुलाल आणि घोषणांवरून काही वर्षे तेढ वाढत होती. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर उघड मते मागितली गेली. न्यायालयाने ती निवड रद्द केली, पण भाषा राहिली आणि दिल्लीपर्यंत गेली.

विशीत मीही तशा घोषणा दिल्या होत्या. पुढे वर्गात शिवाजी महाराज शिकवताना ते आठवे आणि मान खाली जाई. नातवाला तेही सांगितले.