टाकाऊ, टिकाऊ आणि फ्रीजभोवतीची वाकळ



गेल्या हिवाळ्यात इथे खोर फक्कानमध्ये आम्ही जुना फ्रीज आणायला गेलो होतो. आखातातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे: कुणाचा तरी करार संपतो, व्हिसा रद्द होतो आणि आठवड्याभरात अख्खा संसार विकायला निघतो. सोफा, पाळणा, मिक्सर, पोरांच्या सायकली, सगळं जुन्या सामानाच्या दुकानात. भाव ठरला. नेताना दाराला पोचे पडू नयेत म्हणून दुकानदाराने फ्रीजभोवती एक जाड कापड गुंडाळून सुतळीने बांधलं. घरी येऊन सोडलं तर ती चक्क वाकळ! (आम्ही कोल्हापूरकडचे, आम्हाला वाकळ. पुण्याकडच्यांनी गोधडी वाचावं.) एका बाजूला इरकलीचा लाल काठ अगदी स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या दिवशी परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, "रख लो बाजी, ये तो पैकिंग का कपड़ा है।"

माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. मंडळाच्या मेळाव्यात हस्तकलेचा स्टॉल असतो. धुऊन, चांगले चांगले तुकडे कापून उशांचे अभ्रे, दोन पिशव्या, एखादं वॉलहँगिंग. आजकाल याला 'अपसायकलिंग' म्हणतात आणि त्याला पैसेही बरे येतात. कात्री हातात घेऊन आईला व्हिडिओ कॉल केला, कौतुक करून घ्यायला. तिने आधी कोपरा जवळ दाखवायला लावला, मग टाके. मग म्हणाली, "कात्री ठेव खाली. आणि ही आपल्याकडची नव्हे. आपण टाके सरळ घालतो, ही गोल फिरत गेलीय."

तेवढ्या एका वाक्यामुळे पुढचे दोन महिने मी जुन्या कापडाच्या मागे लागले.

'अपसायकलिंग' हा शब्द तसा तरुण आहे. राइनर पिल्झ नावाच्या जर्मन अभियंत्याने १९९४ साली एका मुलाखतीत तो वापरला. पाडलेल्या इमारतींच्या विटा फोडून खडी करतात याचा त्याला राग होता. वस्तूची किंमत खाली नको, वर जायला हवी, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' होतंच की! आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड आपण सगळ्यांनीच केलंय. पण खरी गोष्ट याहून फार जुनी आहे.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजा जरा चिडलाच. एवढ्या कापडाचं हा भिक्षू करणार काय, दुकान टाकणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचं? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचं? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांची बिछायत, जुन्या बिछायतीची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी संपली की त्यांच्या चिंध्या करून चिखलात मळून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली! आमच्या आजीने हे कधी वाचलं नव्हतं, पण तिच्या घरातला लुगड्याचा प्रवास अक्षरशः हाच होता: लुगडं, मग वाकळ, मग बाळाचं दुपटं, मग चुलीपाशी भांडं उतरवायचं फडकं.

भिक्षूंची चीवरंही तुकडे जोडूनच शिवलेली. मगधातली भातखाचरं आणि त्यांचे बांध दाखवून बुद्धाने आनंदाला तसा नमुना करायला सांगितला, असं विनयातच आहे. आणि या चीवरांचा हिशेब आपल्या नाशिकला दगडात कोरलेला आहे. पांडवलेण्यांतलं १० नंबरचं लेणं नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने दान दिलं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा लेख. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापणं कायम ठेव म्हणून ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना त्या व्याजातून प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी. आपल्यातल्या बँकवाल्यांनी करून बघा: महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ बरोबर २४०. पै न पै जुळते. म्हणजे फिक्स्ड डिपॉझिटच की. पण मला त्यातली वेगळी गोष्ट लागली. कापड महाग होतं. एका माणसाच्या वर्षाच्या वस्त्रासाठी ठेव ठेवावी लागावी इतकं. महाग होतं म्हणून ते चिखलात मिसळेपर्यंत वापरलं जाई. आपण याला संस्कार म्हणतो. आधी तो हिशेब होता.

गाडगेबाबांकडे पाहिलं की दुसरी बाजू दिसते. डेबूजी झिंगराजी जाणोरकर (१८७६ ते १९५६), अंगावर चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, हातात गाडगं. लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवाही म्हणत. ज्या कपड्याने माणूस गरीब ठरायचा तोच त्यांनी मुद्दाम घातला. हौस आणि गरज यांत फरक असतो, हे अपसायकलिंगच्या चकचकीत पानांवर कुठे दिसत नाही म्हणून लिहिते. असो.

आता वाकळीचं शास्त्र. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर आपोआप होतात. आत धोतर, फाटके सदरे, जे असेल ते. मग कडेपासून धावदोरा, एका रेषेखाली दुसरी. वापरून वापरून विरलेलं सुती कापडच हवं. नवं कापड सुईला दाद देत नाही आणि अंगाला टोचतं. त्यामुळे वाकळ ही जुन्या कापडाची तडजोड नाही, जुन्याशिवाय ती होतच नाही. १९६०च्या दशकानंतर नायलॉन, टेरिलीन घरात आलं आणि तिथे पंचाईत झाली. ते थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत, लवकर फाटतही नाहीत. वाकळी कमी झाल्या त्या सुनांच्या आळसाने नव्हे, हे मी आमच्या काही मावश्यांना ऐकवणार आहे.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात कपड्यांचं रेशनिंग आलं तेव्हा १९४३ साली सरकारने जुन्याचं नवं कसं करावं, ठिगळ कसं लावावं यावर पुस्तिका काढली. त्याच १९४३ साली हिंदुस्तानातही कापडावर नियंत्रण आलं. ठिगळ कसं लावावं हे आपल्याकडे कुणी पुस्तिका काढून सांगायची गरज नव्हती.

आणि मग बोहारीण. दुपारी दोनच्या सुमारास डोक्यावर भांड्यांची टोपली आणि खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांचा. आई आणि बोहारीण यांच्यातली घासाघीस म्हणजे आमची करमणूक. साड्यांना ती नाक मुरडायची, "पँट है क्या?" विचारायची, आणि एका डब्यासाठी तासभर बसायची. पण ते कपडे पुढे कुठे जातात हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. ल्यूसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या वाघरींबरोबर राहून यावर पुस्तक लिहिलं आहे (२०१०). धडके कपडे दुरुस्त करून, धुऊन, इस्त्री करून गरिबांच्या बाजारात. रेशमी साड्यांचे तुकडे होऊन परदेशी प्रवाशांसाठी झगे आणि उशांचे अभ्रे. फाटके कारखान्यांत यंत्रं पुसायला. खरी जर असेल तर ती जाळून चांदी. म्हणजे ज्या कामाला आपण आज कलाकुसर म्हणतो त्याचा पहिला आणि सर्वांत घाणीचा भाग, निवडणं आणि धुणं, या बायका पिढ्यानपिढ्या करत आल्या. त्यांना कुणी कलाकार म्हटलं नाही.

लोकरीची कथा निराळी. इंग्लंडात बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ साली जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून नवं सूत काढलं. त्याला 'शॉडी' म्हणत. इंग्रजीत या शब्दाला पुढे हलक्या प्रतीचा असा वाईट अर्थ चिकटला. नंतर त्या धंद्याचं मोठं केंद्र झालं ते आपलं पानिपत. आणि इथे आमच्या जवळ, शारजा-अजमानच्या गोदामांत, जगभरचे जुने कपडे येतात, निवडले जातात आणि गठ्ठे बांधून पुढे आफ्रिकेत, आशियात जातात. बोहारणीचंच काम, फक्त कंटेनरच्या मापाने.

माझ्या आजीची सगळी लुगडी तिच्या मागे अशीच गेली. आईने त्यांवर एक मोठा स्टीलचा डबा घेतला आणि त्यावर आजीचं नाव घालून घेतलं. तो डबा आज इथे माझ्या ओट्यावर आहे, त्यात तांदूळ असतात. लुगडं एकही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "तेव्हा डबा नव्हता घरात, लुगडी होती." यावर काय बोलणार!

आता खोर फक्कानकडे येते, कारण त्या गोल टाक्यांचं उत्तर इथूनच सापडलं. हे गाव ओमानच्या आखातावरचं, शारजा अमिरातीचं. १९७९ साली कंटेनर बंदर झालं, २०१९ साली डोंगरातून बोगद्यांचा नवा रस्ता झाला आणि शारजा पाऊण तासावर आलं. त्याआधीचं गाव टाकाऊवरच उभं होतं म्हणा ना. १६६६ साली एका डच जहाजाच्या नोंदवहीत इथे खजुरीच्या फांद्यांची सुमारे २०० छोटी घरं असल्याचं लिहिलंय. खजुरीच्या झावळ्या दरवर्षी छाटाव्याच लागतात. त्याच्या भिंती झाल्या, चटया झाल्या, आणि झावळीचे दांडे दोरीने बांधून 'शाशा' नावाच्या मासेमारीच्या होड्याही. एक खिळा नाही.

इथल्या जुन्या घरांत पितळी खिळ्यांनी सजवलेली लाकडी पेटी असते, तिला 'मंदूस' म्हणतात. यातल्या कितीतरी पेट्या सुरत, मुंबई, मलबारकडून आलेल्या. शारजाच्या सूक अल अर्सामध्ये जुन्या पेट्या आजही विकायला दिसतात. जुन्या मराठीत पेटीला 'मांदूस' म्हणत! मोल्सवर्थ उघडून बघा. मी दुकानात उभ्याने हसले होते.

तर १५०७ साली पोर्तुगीज अफोंसो द आल्बुकर्कने हे गाव जाळलं. त्याच्या मुलाने जमवलेल्या वृत्तांतात इथे गुजराती व्यापारी होते, मोठ्या अश्वशाळा आणि वैरणीची कोठारं होती, कारण इथून घोडे हिंदुस्तानात जात, असं लिहिलंय. तीनच वर्षांनी, १५१० साली, याच माणसाने गोवा घेतला. पुढे पोर्तुगिजांनी आणि इतर व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसं गोव्याला आणली. त्यातली काही पळून उत्तर कन्नडच्या जंगलात गेली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातले सिद्दी ते त्यांचे वंशज. अनेकांच्या तोंडी कोकणी, काहींच्या मराठी. २००३ साली कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

आणि सिद्दी बायका वाकळ शिवतात, तिला त्या 'कवंदी' म्हणतात. जुन्या साडीच्या अस्तरावर ठिगळं ठेवत एका कोपऱ्यापासून सुरुवात, मग कडेकडेने फिरत फिरत मध्यापर्यंत. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी कापडाची 'फुलं'. फुलं नसतील तर कवंदी उघडी वाटते म्हणतात. हेन्री ड्रेवल या अमेरिकन कला-इतिहासकाराने यावर बरंच लिहिलंय, आणि २००४च्या सुमाराला त्या बायकांची शिवणकामाची सहकारी संस्थाही निघाली.

हे वाचलं आणि वाकळ जमिनीवर पसरली. टाके गोल. तीन कोपऱ्यांना काहीतरी चुरगळलेलं होतं. मी त्याला उसवलेली कड समजत होते. इस्त्री फिरवली तर घड्या उलगडल्या. फुलं. चौथ्या कोपऱ्यावर नुसती टाक्यांची भोकं.

हल्याळकडचं कुणी इथे नोकरीला होतं का, दुकानापर्यंत ती कशी आली, फ्रीजबरोबर की आणखी कशाबरोबर, हे विचारायला पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराला आठवेना. त्याच्याकडे रोज कुणाचा ना कुणाचा संसार येतो. माझा नंबर ठेवून आलेय.

स्टॉलवर यंदा आइस्क्रीमच्या काड्यांची पेनस्टँड ठेवली, तीही विकली गेली. वाकळ घरीच आहे. चौथं फूल मी माझ्या एका जुन्या निळ्या साडीच्या पदराचं केलं, पण ती निघाली सिंथेटिक, घडी धरत नाही आणि कडेने सुटायला लागलंय. आई म्हणाली, उसव आणि सुती लाव. घरात सुती जुनं असं काही शिल्लक नाही. कुरिअरने तिचं एक पातळ येतंय, बहुतेक या शुक्रवारपर्यंत.

चू.भू.द्या.घ्या.