महानगरपालिका वकील

महानगरपालिका वकील म्हणजे महानगरपालिकेच्या वतीने न्यायालयात बाजू मांडणारा विधिज्ञ होय. त्याचा पक्षकार महानगरपालिका ही संस्था असते. प्रतिपक्षी मात्र बहुधा त्याच शहराचे नागरिक असतात.

मुंबईत हे काम प्रामुख्याने ‘मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८’ यानुसार चालते. दावे दाखल करणे, मागे घेणे व कायदेशीर सल्ला घेणे यांविषयीची तरतूद कलम ५१७ मध्ये आहे. अधिनियमाखालील कृतीबद्दल महानगरपालिकेवर दावा करण्यापूर्वी कलम ५२७ नुसार एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. अनधिकृत बांधकामाच्या प्रकरणांत कलम ३५१ ची नोटीस, तिला आलेले उत्तर आणि त्यावरील आदेश ही कागदपत्रे बचावाचा आधार ठरतात.

ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका (१९८५) हा या क्षेत्रातील महत्त्वाचा खटला आहे. पदपथांवरील अतिक्रमण विनानोटीस हटविण्याचा अधिकार देणारे कलम ३१४ सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले. मात्र उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असून बाधितांना सामान्यतः म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केले. पावसाळ्यामुळे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत पदपथावरील निवारे हटविण्यास मनाई करण्यात आली. परिणामी, कारवाईचा अधिकार आहे एवढे दाखविणे महानगरपालिकेच्या वकिलास पुरेसे ठरत नाही. तो न्याय्य रीतीने वापरला गेला, हेही पटवून द्यावे लागते.