वारणेचे खोरे आणि वरळीची चाळ

मुंबईतील वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींचा इतिहास मुंबईपासून सुरू केला तर तो अपुरा राहतो, कारण या चाळींत ज्यांनी आयुष्ये काढली त्यांची मुळे कोकणात आणि घाटावरच्या कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांतील खेड्यांत होती. सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची सीमा आखत वाहणारी वारणा नदी ज्या पट्ट्यातून जाते, तेथे आज वारणानगरचा साखर कारखाना, दूध संघ आणि शिक्षणसंस्था दिसतात. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नदीकाठची थोडी काळी जमीन सोडली तर बाकीचे माळरान पावसावर अवलंबून होते, वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडले होते आणि घरातला एखादा तरी कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत असणे ही अनेक कुटुंबांची गरज बनली होती. मनीऑर्डरने येणाऱ्या पैशावर शेतसारा भरला जाई, सावकाराचे व्याज फिटे आणि मुलीचे लग्न उभे राही. कामगार वस्तीतील एकोप्याचा विचार या दोन टोकांच्या नात्यापासून करावा लागतो.

मुंबईत कापडगिरण्यांचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागाला गिरणगाव हे नाव पडले. कामगारांच्या निवाऱ्याची जबाबदारी गिरणीमालकांनी अपवादानेच उचलली. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीतील मृत्यूंचे भयंकर रूप समोर आणल्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजेच सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि त्याने बांधलेल्या चाळी बीआयटी चाळी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य परळच्या अशाच एका चाळीत दोन दशकांहून अधिक काळ होते. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई टोकाला गेली तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते निर्माण केले. या खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीडीडी हे नाव आले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून ५०,००० खोल्या बांधण्याचा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या, त्यांपैकी १२१ वरळीत, ४२ नायगावात, ३२ तेव्हाच्या डिलाइल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, आणि १२ शिवडीत.

तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ८० खोल्या आणि एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट, अशी ही रचना होती. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. चाळसंस्कृतीविषयी लिहिताना शेजारधर्माचे श्रेय बहुधा चाळीच्या लांबलचक बाहेरच्या गॅलरीला दिले जाते, मात्र बीडीडी चाळीत अशी गॅलरीच नाही. मधोमध एक अंधारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि मजल्याच्या सामाईक शौचालयांपुढे लागणारी रांग, एवढेच या इमारतीने रहिवाशांना दिले. मुळात या खोल्यांकडे कामगार फिरकतही नव्हते. काँक्रीटच्या भिंती, अपुरा उजेड, गिरणीपासूनचे अंतर आणि न परवडणारे भाडे यांमुळे १९२० च्या दशकात, विशेषतः वरळीत, मोठ्या संख्येने खोल्या रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. ज्या वास्तूचा आरंभ असा झाला, तिने आपल्या रहिवाशांना एकत्र आणले असे म्हणणे अवघड आहे. तेथे जो एकोपा पुढे निर्माण झाला तो माणसांनी आपल्याबरोबर आणला होता, आणि तो कसा आणला गेला हे पाहण्यासाठी ‘गाळा’ समजून घ्यावा लागतो.

गाळा म्हणजे एका गावच्या किंवा एका भावकीच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली. भाडेपावती एकाच्या नावाने असे, राहणारे दहा, पंधरा, कधी त्याहून अधिक. पहिल्या, दुसऱ्या आणि रात्रीच्या पाळीचे कामगार आळीपाळीने झोपत, त्यामुळे एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरली जाई. भिंतीला लागून प्रत्येकाची लोखंडी ट्रंक आणि वर दांडीवर कपडे. गावाहून नवा पोरगा आला की त्याला गाळ्यात जागा मिळे, गिरणीत ‘बदली’ म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरते काम मिळवण्यासाठी, कोणी तरी त्याची ओळख करून देई आणि पहिली पगाराची पुडी हाती येईपर्यंत त्याच्या जेवणाचा व भाड्याचा वाटा इतरांनी उचलावा असा दंडक असे. भाड्याची व वर्गणीची वही ठेवणारा एक जण सर्वांच्या संमतीने ठरवला जाई. याच वहीतून पुढे ग्रामस्थ मंडळे उभी राहिली, ज्यांनी मुंबईत जमवलेल्या वर्गणीतून गावाकडे देवळांचे जीर्णोद्धार केले, शाळेच्या खोल्या बांधल्या, जत्रेचा खर्च पेलला. कोणाचा मृत्यू झाला तर अंत्यविधीचा खर्च आणि घरच्यांना गावी पोहोचवणे हे मंडळाचे काम होते. यात नोंदणी नव्हती, घटना नव्हती, सरकारी शिक्का नव्हता. तरीही हिशेब चोख राही, कारण मुंबईत केलेल्या लबाडीचा जाब गावच्या पारावर द्यावा लागे.

गाळ्यात बायका नसत, म्हणून जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे असे. आठ-पंधरा माणसांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणारी ही स्त्री स्वतः बहुधा गिरणी कामगाराची पत्नी किंवा विधवा असे आणि तिच्या उधारीवर कितीतरी संप लढले गेले. कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे नोंदवली गेली, खानावळीची थकलेली उधारी मात्र क्वचितच नोंदवली गेली, ही उणीव मोठी आहे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा सावकाराच्या विळख्यातून सुटण्याचा मार्ग त्यांना प्रथमच दिसला.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाचा अभ्यास करताना हे दाखवून दिले की संपाची ताकद गिरणीच्या फाटकाच्या आत जितकी होती तितकीच ती वस्तीत होती. उधार देणारा दुकानदार, भाड्यासाठी थांबणारा घरमालक, तालमीतील पोरे आणि गावाकडची जमीन या सर्वांच्या आधारावर संप टिकत असे. १९२८ चा संप सहा महिने चालला, त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि गिरणीगणिक समित्या स्थापन झाल्या. त्या काळात हजारो कामगार गावी परतले आणि शेतात राबून त्यांनी दिवस काढले. म्हणजे गावाने शहराचा लढा पोसला. या नात्याला साहित्यात आणि शाहिरीत रूप देणारा माणूसही वारणेच्याच परिसरातला होता. वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे १९२० मध्ये जन्मलेले अण्णाभाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर मुंबईस आले, त्यांनी गिरणीत काम केले, १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि ‘वारणेचा वाघ’ ही कादंबरी लिहून आपल्या मुलखाचे नाव मराठी वाचकाच्या मनात पक्के केले.

हा एकोपा निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. तो गावकीवर आणि भावकीवर उभा असल्यामुळे गावातील जातीची उतरंडही त्याच्याबरोबर चाळीत आली. गाळे जातवार होते, पाणवठ्याचे भेद गिरणीपर्यंत पोहोचले होते आणि कापड खात्यात, जेथे धागा तोंडाने ओढावा लागे, तेथे दलित कामगारांना दीर्घकाळ प्रवेश नव्हता. बीडीडीतही काही चाळी प्रामुख्याने बौद्धांच्या, काही प्रामुख्याने मराठा व इतर हिंदू जातींच्या, अशी वस्ती झाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर उसळलेली दंगल याच चाळींच्या मधल्या रस्त्यांवर झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमावा लागला. शेजारी म्हणून नळावर एकत्र उभी राहणारी माणसे गच्चीवरून एकमेकांवर दगड टाकू शकतात, हे सत्य चाळीच्या स्मरणरंजनात झाकून टाकणे त्या वस्तीवरच अन्याय करणारे ठरेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्या संपानंतर गिरणगावाचा आर्थिक कणा मोडला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) आणि मालक असे तीन वाटे ठरवले होते. २००१ मधील बदलाने वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. बंद गिरणी कामगार संघर्ष समितीचे दत्ता इस्वलकर आणि त्यांचे सहकारी हक्काच्या घरांसाठी झगडत राहिले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात याच काळातले मोडलेले घर दिसते.

चाळींच्या पुनर्विकासाचा विषय या पार्श्वभूमीवर आला. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा राहिला. उरलेल्या १९५ चाळींसाठी म्हाडाची नेमणूक झाली, एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले आणि एकूण १५,५९३ पुनर्वसन घरांची योजना ठरली, ज्यात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने व विनामूल्य मिळणार होते. रहिवाशांनी हे आनंदाने स्वीकारले असेल असे बाहेरच्याला वाटते, परंतु नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे विरोध झाला. करारनामा आधी, घर रिकामे करणे नंतर, ही मागणी चाळ कमिट्यांनी लावून धरली. चाळ कमिटी म्हणजे प्रत्येक चाळीतील रहिवाशांनी निवडलेली, पाणी, स्वच्छता आणि उत्सव सांभाळणारी समिती; जिने आजवर गणपतीची वर्गणी जमवली तीच आता आराखडे वाचू लागली, हा बदल लक्षणीय आहे. त्यामागे गिरण्यांच्या जमिनीबाबत आलेला अनुभव होता, हे उघड आहे.

खरी अडचण पात्रतेची होती. पात्रता ठरते ती भाडेपावतीवरील नावावरून आणि हस्तांतराच्या नोंदीवरून. गाळ्याच्या व्यवस्थेत मात्र खोलीवर हक्क अनेकांचा आणि कागदावर नाव एकाचे, ही रीतच होती. चार पिढ्या जो विश्वास तोंडी व्यवहारावर चालला, त्याची सरकारी दप्तरात जागा नव्हती, आणि ज्या गावच्या मंडळींनी त्या खोलीचे भाडे पन्नास वर्षे वाटून भरले त्यांचा दावा कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नव्हता. चाळींतील पोलीस कुटुंबांचा प्रश्न आणखी निराळा, कारण ती सेवानिवासात राहत होती. त्यांना घर १५ लाख रुपयांत देण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. घर सोडणाऱ्यांना संक्रमण शिबिरातील जागा किंवा मासिक भाडे असा पर्याय होता, आणि भाडे घेऊन पांगलेल्या कुटुंबांमुळे एका मजल्याचे शेजारी उपनगरांत विखुरले.

येथे पुन्हा वारणेकडे वळावे लागते. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून माळरानावर साखर कारखाना उभा करण्याचे काम हाती घेतले, त्यानंतर दूध संघ आणि वारणा बाजार हे ग्राहक भांडार आले, आणि ज्या खोऱ्यातून माणसे मुंबईस जात होती तेथेच रोजगार निर्माण झाला. कारखाना ज्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतो, त्याच कायद्याखाली पुनर्विकसित इमारतीतील रहिवाशांची गृहनिर्माण संस्था नोंदली जाते. गाळ्यातील वहीत जी नोंदणी नसलेली सहकारिता होती तिला आता कायद्याचे रूप मिळते, ही या बदलातील सर्वांत महत्त्वाची बाब मानली पाहिजे. वारणेच्या शेतकऱ्याला सहकाराने सभासद केले. बीडीडीच्या भाडेकरूला पुनर्विकास सभासद करतो. मात्र साखर कारखान्यात सभासदाला ऊस घालण्याची हंगामी गरज एकत्र ठेवते, तर चाळीस मजली इमारतीत अशी गरज उद्वाहने, पाणी आणि देखभालीच्या मासिक खर्चापुरती उरते, आणि हा खर्च चाळीच्या नाममात्र भाड्याच्या तुलनेत मोठा असल्यामुळे ज्यांचे उत्पन्न थोडे आहे ते घर विकून निघून जाण्याचा धोका खरा आहे.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. नव्या गृहनिर्माण संस्थांच्या कारभाऱ्यांपुढे आता उद्वाहनांच्या करारांबरोबरच इतरही कामे आहेत. व्यायामशाळा, वाचनालये, बुद्धविहार, भजनी मंडळे आणि ग्रामस्थ मंडळे यांना नव्या आवारात हक्काची जागा द्यायची आहे, देखभालीचा निधी असा आखायचा आहे की निवृत्त गिरणी कामगाराची विधवा थकबाकीदार ठरणार नाही, आणि १९७४ साली ज्या चाळी एकमेकींसमोर उभ्या होत्या त्यांतील कुटुंबे आता एकाच जिन्यावर राहणार असल्याने कारभारी मंडळात सर्वांचे प्रतिनिधी यावेत याची तजवीज पहिल्याच निवडणुकीत करायची आहे.