घोडा ग्रीकांचा, नाव ट्रॉयचे

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. मराठी माध्यमातून दहावी, नंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि तेव्हापासून रेल्वेचे डिझेल शेड, एवढीच माझी विद्या. तरीही आपल्या चिटणीसांनी ‘यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा’ असा आग्रह धरला, तेव्हा मला एक शब्द आठवला. नोकरीत हा शब्द मला चांगलाच महागात पडला होता. त्याचा इतिहास शोधायला गेलो आणि इंग्रजी भाषेत घोड्यांची अख्खी पागाच सापडली.

आम्हा इंजिनवाल्यांना घोडा नवा नाही. इंजिनाची ताकद आम्ही अश्वशक्तीतच सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅटला आपली वाफेची यंत्रे विकायची होती. गिऱ्हाइकांकडे घोडे होते, म्हणून त्यांना घोड्यांच्याच हिशेबात समजावणे सोपे होते. एक घोडा एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम करतो, असे त्याने ठरवून टाकले. आजच्या मापात हे सुमारे ७४६ वॅट होतात. आपल्या रेल्वेचे जुने डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन २,६०० घोड्यांचे होते. १८२९ साली इंग्लंडमध्ये रेनहिल येथे इंजिनांची प्रसिद्ध स्पर्धा झाली. ती स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ने जिंकली, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण त्याच स्पर्धेत ‘सायक्लोपेड’ नावाचे एक यंत्र उतरले होते आणि त्याच्या फिरत्या पट्ट्यावर चक्क जिवंत घोडा चालत होता!

मात्र इंग्रजीतले पुष्कळ घोडे इंग्लंडचे नाहीत, ते ग्रीसहून आलेले आहेत. ग्रीक भाषेत घोड्याला ‘हिप्पोस’ म्हणतात. हा शब्द आणि आपला ‘अश्व’ एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत, असे भाषातज्ज्ञ सांगतात. हिप्पोपोटेमस म्हणजे नदीतला घोडा. आपणही त्याला पाणघोडाच म्हणतो. फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा. सिकंदराच्या बापाचे नाव हेच होते. मेंदूत आठवणी साठवण्याच्या कामी येणारा ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा भाग आहे. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हे नाव मिळाले.

या सगळ्यांत प्रसिद्ध घोडा मात्र लाकडाचा आहे. ट्रॉय हे शहर आजच्या तुर्कस्तानात हिसारलिक येथे होते, असे मानले जाते. श्लिमान या जर्मन गृहस्थाने १८७० पासून तेथे खोदकाम केले. कथा अशी की, दहा वर्षे वेढा घालूनही ग्रीकांना ट्रॉय घेता येईना. शेवटी त्यांनी एक मोठा लाकडी घोडा बनवला, पोटात सैनिक लपवले, तो किनाऱ्यावर ठेवला आणि जहाजे घेऊन गेल्याचे नाटक केले. ट्रॉयच्या लोकांनी तो घोडा गावात ओढून नेला. रात्री सैनिक बाहेर पडले, दरवाजे उघडले आणि शहर जळाले.

आपली समजूत असते की ही हकिकत होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे. प्रत्यक्षात ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशीच संपते. घोड्याचा उल्लेख ‘ओडिसी’त येतो आणि सविस्तर वर्णन व्हर्जिल या रोमन कवीने ‘इनीड’मध्ये, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात केले. त्यात लाओकून नावाचा पुजारी ओरडून सांगतो की या भेटीवर विश्वास ठेवू नका. तो घोड्यावर भालाही फेकतो. पण समुद्रातून दोन साप येऊन त्याला आणि त्याच्या दोन मुलांना मारतात, आणि लोकांना वाटते की देवाने त्याला शिक्षा केली. नंतर घोडा वेशीवर चार वेळा अडखळतो, चारही वेळा पोटातून शस्त्रांचा खणखणाट होतो, तरी कोणी थांबत नाही. ‘ग्रीक भेट’ म्हणजे घात करणारी भेट, हा अर्थ येथूनच आला.

या युद्धाने इंग्रजीला आणखी पुष्कळ शब्द दिले. अकिलीसची टाच म्हणजे बलवानाचे एकमेव मर्मस्थान, जशी आपल्या दुर्योधनाची मांडी. पन्नास माणसांच्या आवाजात ओरडणाऱ्या स्टेंटॉरवरून खणखणीत आवाजाला ‘स्टेंटोरियन’ म्हणतात. ओडिसियसने युद्धावर जाताना ज्या मित्रावर घर सोपवले त्याचे नाव मेंटॉर. आज आमच्या ट्रेनिंगमध्येही प्रत्येक नव्या मुलाला एक ‘मेंटॉर’ नेमून देतात.

पण मला सर्वांत जास्त लागली ती हेक्टरची गोष्ट. ट्रॉयचा हा राजपुत्र बायकामुलांवर माया करणारा आणि गावासाठी लढून मरणारा. ‘घोडे माणसाळवणारा’ हे त्याचे बिरुद आहे आणि मूळ ग्रीक ‘इलियड’चा अगदी शेवटचा शब्द तोच आहे. त्याच्याच गावाचा घात एका घोड्याने व्हावा! एवढ्यावरही भागले नाही. सतराव्या शतकात लंडनमधील गुंड पोरांच्या टोळ्या स्वतःला ‘हेक्टर’ म्हणवू लागल्या आणि इंग्रजीत ‘हेक्टर करणे’ म्हणजे दमदाटी करणे असा अर्थ रूढ झाला.

‘ट्रोजन’चेही तेच. कष्टाळू, चिवट माणसाला इंग्रजीत पूर्वीपासून ट्रोजन म्हणत. पण १९७२ साली अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या संगणक-सुरक्षेच्या अहवालात ‘ट्रोजन हॉर्स’ हा शब्द आला. बाहेरून उपयोगी दिसणारा आणि आत घात दडवलेला प्रोग्राम, असा त्याचा अर्थ. पुढे ‘हॉर्स’ गळला आणि नुसता ‘ट्रोजन’ उरला. आता विचार करा. घोडा बनवला ग्रीकांनी, आत लपले ग्रीक, फसले ते ट्रॉयचे लोक. आणि फसवणुकीला नाव मात्र त्यांचेच!

आता माझी गोष्ट. २००९ सालची. मी तेव्हा ज्युनियर इंजिनिअर होतो. एका कार्यक्रमात मला नवा कोरा पेनड्राइव्ह भेट मिळाला. महिन्याचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत वर जायचा होता. मी तो पेनड्राइव्ह आमच्या तरुण क्लार्कच्या हातात दिला. तो इथलाच मुलगा. म्हणाला, “सर, पहले स्कैन कर लें?” मी म्हटले, “अरे, नया है, लगा दो.” दोन दिवसांनी संगणक बसला. आठ महिन्यांच्या इंजिन-दुरुस्तीच्या नोंदी उघडेनात. तपासणाऱ्याने स्क्रीनवरचा शब्द वाचून दाखवला: ट्रोजन.

साहेबांनी विचारले, “किसने लगाया?” तो मुलगा म्हणाला, “मैंने.” मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याच्या हातात खुलासा मागणारे पत्र पडले. रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन, पेनड्राइव्ह माझा होता आणि हुकूमही माझाच होता, असे लिहून दिले. पत्र मागे घेतले गेले, मला मेमो मिळाला. पण शेडमध्ये त्या मुलाचे नाव ‘ट्रोजन’ पडले ते पडलेच. बदली होईपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. तो हसायचा. मला हसू येत नसे.

ज्याने ‘थांबा’ म्हटले, त्याच्याच नावावर घोडा लागला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कथेत काय आणि आमच्या शेडमध्ये काय, माणसे तशीच. म्हणून आज माझ्या हाताखालचा अगदी नवा खलाशी जरी म्हणाला, “साहब, एक बार देख लें”, तर मी हातातले काम थांबवतो.

या स्मरणिकेची एक प्रत मी त्या मुलाला पाठवणार आहे. त्याला मराठी वाचता येत नाही. फोन करून हिंदीत सांगेन, आणि तेव्हा पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, हेही सांगेन.